गाताना ॲक्सेंट 'आपोआप' जातो? अर्धंच खरंय

आमच्या कणकवलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय की इंग्लंडचे गायक बोलतात वेगळे पण गाताना अमेरिकन वाटतात, कारण सूर लागला की ॲक्सेंट आपोआप जातो, सायन्स आहे म्हणे. अर्धंच खरंय हो हे. गाण्यात चढउतार चाल ठरवते, स्वर ताणले जातात, म्हणून बोलण्यातला हेल बराचसा पुसला जातो, एवढं बरोबर. पण 'कार'मधला शेवटचा र? तो इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे लोक बोलताना खातात, अमेरिकन स्पष्ट म्हणतात, त्याचा सुराशी काय संबंध! पीटर ट्रडगिल या भाषाशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये दाखवलं की लिव्हरपूलच्याच बीटल्स या बँडच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर असे स्पष्ट र बरेच आहेत, पुढे कमी कमी होत गेलेत. माणसं तीच, गळे तेच. रॉक संगीत अमेरिकेतून आलं म्हणून उच्चारही तिकडचा उचलला, मग स्वतःचं नाव झाल्यावर तेवढी गरज राहिली नाही. आणि स्कॉटलंडचा प्रोक्लेमर्स हा बँड तर सरळ आपल्याच हेलात गातो.

लांब कशाला, दशावतारात बघा ना, राजा झालेला माणूस ग्रांथिक मराठी झोडतो आणि रंग पुसला की 'खंय गेल्लंस रे?', संकासुर हा विनोदी राक्षस मात्र स्टेजवरही मालवणीच (आणि टाळ्या त्यालाच जास्त). लतादीदींच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो असं दिलीपकुमार बोलले तेव्हा दीदींनी उस्ताद धरून उर्दू शिकून घेतली. मेसेज पुढे ढकलायचाच असेल तर 'आपोआप' तेवढं काढा.