जिराफ आत आहे, हे गेटवर सांगायला काय जातं?

थंडी पडली की प्राणीसंग्रहालयातले बरेच प्राणी आतल्या उबदार खोल्यांत हलवतात. हलवायलाच हवेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ओल्या, निसरड्या जमिनीवर जिराफाचे पाय फाकले तर एवढं मोठं जनावर पुन्हा उभं करणं मुश्किल. पण तो आज आत आहे, हे तिकीट देणाऱ्याला माहीत, झाडू मारणाऱ्याला माहीत, गेटवरच्या रखवालदाराला माहीत. माहीत नाही फक्त आम्हाला, ज्यांनी पैसे मोजलेत!

आणि कळतं कधी? जिराफ नेमका शेवटच्या टोकाला असतो. तिथपर्यंत पोराला अर्धा रस्ता चालवत, अर्धा कडेवर घेऊन जायचं. वाटेत कानटोपी घालायची, ती त्याने फेकायची, आपण वाकून उचलायची. नाक पुसायचं. 'आलाच हं जिराफ, आता दिसेलच' असं घोकत शेवटी पोचलो की कुंपणाला सुतळीने बांधलेला एक प्लॅस्टिकमधला कागद: 'हवामानामुळे प्राणी आत आहेत. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' अहो, क्षमा कसली मागताय, हाच कागद गेटवर चिकटवा की!

तीन वर्षांच्या पोराला हवामान काय सांगणार? 'जिराफ कुठाय?' 'आत.' 'मग आपण पण आत जाऊ.' बरोबरच आहे त्याचं. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि तिथे असलेल्या कर्मचाऱ्याकडेही नाही. तो फक्त म्हणतो, 'थंडीत असंच असतं.' असंच असतं ना? मग तिकिटाच्या खिडकीशेजारी एक फळा टांगा आणि रोज सकाळी खडूने लिहा, आज कोण बाहेर, कोण आत, कुठलं दालन दुरुस्तीसाठी बंद. दोन मिनिटांचं काम आहे. पण नाही. गेटवर काय आहे? दोन माणसांच्या उंचीचा रंगवलेला जिराफ. बाराही महिने हसतोय.

बरं, थंडीत बघण्यासारखं काहीच नसतं असंही नाही, याचाच जास्त राग येतो. उन्हाळ्यात दुपारी सावलीत पसरलेला वाघ थंडीत येरझाऱ्या घालताना दिसतो. हिमबिबट्या तर थंडीचाच प्राणी. सिंहाकडून मात्र अपेक्षा नको, तो ऋतू कुठलाही असो, दिवसातले 16 ते 20 तास लोळतो. हे सगळं फळ्यावर आलं तर माणूस सरळ वाघाकडे जाईल. पोराचे पाय शाबूत असतानाच जाईल!

मग नाइलाजाने सगळी जनता सर्पालयात घुसते, कारण ते गरम. दारातच चष्म्यावर वाफ. पोराचं जॅकेट काढा, नाहीतर घामाघूम होतं. चेन त्याच्या स्वेटरच्या दोऱ्यात अडकते. मागचे लोक ढकलतात. काच तळहातांच्या ठशांनी बरबटलेली, आणि खिडकी इतकी वर की लहान मुलाच्या डोळ्यासमोर येते ती भिंत. लहान मुलांसाठीची जागा म्हणून जाहिरात करायची आणि काच मोठ्यांच्या छातीएवढी! उचला पुन्हा.

आणि तिथे एक काका हमखास असतातच. गाडीची किल्ली काढून काचेवर टकटक, टकटक. 'हलत नाही, खोटा आहे वाटतं.' काका, तो अजगर आहे. त्याचं शरीर स्वतः पुरेशी उष्णता तयार करत नाही म्हणून तो दिव्याखाली पडलाय. ऊब मिळाली नाही तर खाल्लेलं पचतही नाही त्याला. त्याला बाहेरचे कान नाहीत, पण तुमच्या टकटकीची थरथर जबड्याच्या हाडांतून थेट आत पोचते. 'असू दे हो, मुलांना बघायचंय' म्हणे. मुलं शांत उभी आहेत, काका. माझं पोर तर त्यांच्या किल्लीकडेच बघत होतं, आणि दोन मिनिटांनी तेही काचेवर हात आपटायला लागलं. आता त्याला काय सांगू, मोठी माणसं करतात ते करू नकोस?

एवढं सगळं करून बाहेर आलो, ऊन कलत आलेलं. लाल पांडा हा मुळात सकाळ-संध्याकाळी फिरणारा प्राणी, त्यात थंडी त्याच्या आवडीची. दिवसभर फांदीवर गोळा होऊन झोपलेला, तो नुकता शेपूट सोडून खाली उतरायला लागला. पोर पहिल्यांदा गप्प झालं, बोट दाखवून उभं राहिलं. आणि शिट्टी! 'चला, चला, बंद करायचंय.' थंडीत वेळ लवकर संपते म्हणे. हेही गेटवर लिहिलेलं नव्हतं. तिकीट मात्र पुरतं घेतलं.