कोल्हापूरच्या काकांना: ब्रेकचं तुमचं बरोबर, बाकीचं नाही

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया वाचून पहिल्यांदा खरं सांगतो रागच आला, म्हणून दोन दिवस मुद्दाम काही लिहिलं नाही. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: काकांचं कोल्हापुरात पस्तीस वर्षं गॅरेज होतं, आणि मी इथे इंग्लंडमध्ये माझ्या १९६६ च्या एमजीबी रोडस्टरचे (जुनी, पक्कं छप्पर नसलेली ब्रिटिश स्पोर्ट्स कार) मागचे व्हील सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबाने ब्रेकचे शू ड्रमवर दाबणारे भाग, घरीच बदलले, एकट्याने ब्रेकच्या तेलातली हवा काढली आणि त्याच संध्याकाळी चक्कर मारून आलो असं फुशारकीने लिहिलं होतं त्यावर त्यांनी लिहिलंय, "ब्रेक हा हौसेचा विषय नाही. पेडलवर पाय ठेवून 'लागतंय की' म्हणणारे लय बघितलेत. कॉम्प्युटरवाल्यांनी कॉम्प्युटर बघावा. त्यात तिकडे जुन्या गाडीला तपासणी माफ म्हणे, म्हणजे विचारणारा कोणी नाही. आणि स्वतःला वायरिंग कळत नाही म्हणून लुकासला नावं ठेवू नका." (लुकास म्हणजे या गाड्यांचं विजेचं सामान बनवणारी ब्रिटिश कंपनी, तिच्यावर मी त्या पोस्टमध्ये एक जोक मारला होता.)

आता ब्रेकचं. तुमचं बरोबर होतं, आणि किती बरोबर होतं ते मला तुमची प्रतिक्रिया यायच्या चार दिवस आधीच कळलं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. त्या पोस्टनंतर लक्षात आलं की पेडल लांब जातंय. लागायचं, पण खाली जाऊन. मला वाटलं हवा राहिली, परत काढली, परत तेच, तिसऱ्यांदा काढली, ब्रेक ऑइलचा अख्खा डबा संपवला. चाळीस वर्षांपुढच्या गाडीत मोठे बदल केलेले नसतील तर तिला इंग्लंडमध्ये २० मे २०१८ पासून एमओटी म्हणजे वार्षिक तपासणी माफ आहे हे खरं, पण माफ आहे म्हणून करूच नये असं कुठे आहे? मी दरवर्षी स्वतःहून नेतो, फी जास्तीत जास्त ५४ पौंड ८५ पेन्स, तेवढ्यात दुसऱ्या माणसाचे डोळे मिळतात. (माफी तपासणीला आहे बरं का, गाडी धड ठेवायच्या जबाबदारीला नाही. ब्रेक फेल अवस्थेत सापडलो तर पोलीस गाडीचं वय विचारत बसणार नाहीत.) तर या वेळी तिथल्या तपासनीसाने पेडल एकदा दाबलं आणि विचारलं, मागचे शू अॅडजस्ट केलेस का? झालं. ड्रम निघावा म्हणून मी बॅकप्लेटमागचे चौकोनी डोक्याचे अॅडजस्टर सैल केले होते आणि परत आवळायचेच राहिले. चाक जाम होईपर्यंत आवळायचं आणि मोकळं फिरेल एवढं मागे घ्यायचं, बास, एवढंच काम. शू ड्रमपर्यंत पोचण्यातच पेडलचा प्रवास संपत होता आणि मी हवा शोधत होतो. तुम्ही ते पाच मिनिटांत सांगितलं असतं.

आणि माझ्या गाडीला ब्रेकचं सर्किट एकच आहे, पुढच्या डिस्कला आणि मागच्या ड्रमला मिळून. आजच्या गाडीत एक गेलं तरी दुसरं अर्धं राहतं, हिच्यात एक पाइप फुटला की हातात फक्त हँडब्रेक. तेव्हा "त्याच संध्याकाळी चक्कर मारली" हे वाक्य मी त्या पोस्टमधून काढलंय, आणि ब्रेकचं काम दुसऱ्या कोणी बघितल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही असं आता ठरवलंय.

पण "कॉम्प्युटरवाल्यांनी कॉम्प्युटर बघावा" हे काही मला पटत नाही, आणि ते तुम्ही म्हणावं याचं तर जास्तच आश्चर्य वाटलं. कारण काका, ही गाडी तुमच्या ओळखीतली आहे. तुम्ही जी अॅम्बेसेडरची पेट्रोल इंजिनं उतरवली असतील ना, १४८९ सीसीची, ती आणि माझं १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातली, सख्खी भावंडं. स्ट्रोक म्हणजे पिस्टनचा प्रवास दोघांचा ८८.९ मिलिमीटर, फरक बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या व्यासात. १९५५ साली एमजीए ही स्पोर्ट्स कार आली तीसुद्धा १४८९ वरच. म्हणजे इथे लोक रविवारी ज्या इंजिनाला मऊ फडक्याने पुसतात त्याच घराण्यातलं इंजिन तुमच्याकडे वडापला जुंपलेलं असायचं. ते इंजिन काय फक्त पदवी घेतलेल्यांनीच उघडलं का? तुमच्याकडे हाताखाली पोरं शिकलीच ना, पहिल्या दिवशी पाना कुठल्या बाजूला फिरवायचा तेही माहीत नसताना?

टॅपेट १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पॉइंटची, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांची, गॅप १४ ते १६ थाऊ, पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनला ग्रीस, कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये थोडं तेल, ही कामं त्या काळी मालकाने करायचीच असायची, आणि गाडी बनवलीच तशी होती. मला ती करायला आवडतात हे कारण आहेच पण ते दुय्यम. मुख्य कारण असं की आज इथल्या साध्या गॅरेजमधल्या तिशीतल्या मेकॅनिकने पॉइंट कधी बघितलेलेच नसतात, तो बिचारा तपासणीचा कॉम्प्युटर जोडायचं सॉकेट शोधतो, जे कुठेच नाही. जुन्या गाड्यांचे खास लोक आहेत, चांगले आहेत, पण त्यांची तारीख दोन-दोन महिन्यांनी मिळते. आणि गाडी साठ वर्षांची झाल्यावर तिचा प्रश्न "कुठला पार्ट गेला" असा राहत नाही, "मागच्या सहा मालकांनी काय काय करून ठेवलंय" असा असतो. ते समजायला रोज तिच्याजवळ असणारा माणूस लागतो.

लुकासचंच घ्या. "अंधाराचा राजपुत्र" हा जोक मी मारला, तो इथे इतका जुना आहे की कोणी हसतही नाही, मी मारायला नको होता. मागच्या उन्हाळ्यात गाडी चढावर बंद पडायची, पेट्रोल पंप गप्प. हिचा पंप विजेचा, एसयू कंपनीचा, मागे उजव्या चाकापाशी गाडीखाली बसवलेला, चालू असला की टकटक आवाज येतो आणि त्या आवाजावरून बरंच कळतं, घाईघाईने टकटक करत राहिला तर हवा ओढतोय किंवा टाकी रिकामी. तर मी खाली वाकून पंपाला लाकडी दांड्याने टोला द्यायचो की सुरू! मग काय, पंपाचे आतले पॉइंट गेले म्हणून नवा पंप आणला, बसवला, आठ दिवस छान चालला आणि नवव्या दिवशी त्याच चढावर गप्प. तेव्हा डोकं ठिकाणावर आलं आणि मीटर काढला. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, पंपाच्या टोकाला जेमतेम नऊ. (पंप टकटक करताना आकडा नाचतो, पॉइंट जुळलेले असतील त्या क्षणाचा धरायचा.) अर्थिंगची बाजू तपासली, तिथे काही नाही. मग पांढरी वायर, म्हणजे लुकासच्या रंगांत इग्निशनवरून येणारी, जोडाजोडाने तपासत गेलो तर पंपाजवळच्याच एका बुलेट कनेक्टरमध्ये (दोन वायरी जोडणारा छोटा जोड) तीन व्होल्ट अडकलेले. रबरी नळीच्या आत पितळी बुलेट हिरवा झालेला आणि कुठल्यातरी जुन्या मालकाने त्यात तांब्याची तार कोंबून वर टेप गुंडाळलेला. पंपाला टोला दिल्यावर शेजारचा तो जोडही हलायचा, म्हणून पंप चालायचा. जुना पंप पूर्ण चांगला होता, अजून शेल्फवर आहे, माझ्याकडे बघत असतो.

यात लुकासचा काय दोष? काही नाही. साठ वर्षं चिखल-मीठ खाऊन जोड गंजणारच, इथे तर थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात. तुमचं म्हणणं मान्य. फक्त एक सांगा, मी ही गाडी एखाद्या मेकॅनिकला दिली असती तर त्यानेही पहिल्यांदा पंपच बदलला नसता का? बिल तेवढं वेगळं लागलं असतं.

सगळंच घरी करतो असंही नाही. वेल्डिंग मी केलेलं नाही आणि करणार नाही. रोडस्टरला छप्पर नाही, त्यामुळे दाराखालची जी सिलची पेटी असते तीच गाडीचा कणा, ती कुजली की गाडी मधून वाकते, दाराच्या वरच्या फटी बंद व्हायला लागतात, आणि वाकलेल्या अवस्थेतच नवा पत्रा जोडला तर ती कायमची तशीच. लोक वरून पत्रा चिकटवून रंग मारून विकतात, लांबून चकाचक. ते काम मी पैसे मोजून, जिगवर, म्हणजे गाडी सरळ धरून ठेवणाऱ्या सांगाड्यावर, गाडी ठेवणाऱ्या माणसाकडून करून घेतलं. इंजिनच्या हेडचं मशीनिंगही बाहेर, इथे २००० पासून शिसंवालं पेट्रोल सर्वसाधारण विक्रीतून बंद झालं आणि शिशाविना जुने सीट झिजतात, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक सीट बसवून घ्यावे लागले, ते काही माझ्या शेडमध्ये होणारं काम नाही. आणि जॅकवरच्या गाडीखाली मी शिरत नाही, स्टँड लावल्याशिवाय नाहीच, बायकोला तेवढं लेखी दिलंय म्हटलं तरी चालेल.

"हा श्रीमंतांचा नाद" असं खाली अजून एकाने लिहिलंय, त्यांना इतकंच सांगतो की माझी रोजची गाडी अकरा वर्षांची हॅचबॅक आहे.

तर काका, रागावू नका, आणि एक मदत करा. तपासणीवरून हळूहळू घरी आणून गाडी स्टँडवर चढवली ती अजून तिथेच आहे, कारण उजवा अॅडजस्टर बसला पण डावा अर्धा फिरला आणि अडकला. तीन दिवस पेनिट्रेटिंग ऑइल मारतोय. चौकोनी डोक्याच्या कडा झिजायला लागल्यात म्हणून अजून जोर लावायची भीती वाटते. गरम करावं तर पलीकडे नवा सिलिंडर आणि त्याचे रबर आहेत, सगळं परत उतरवावं लागेल. अॅम्बेसेडरच्या ड्रमला असलं काही अडकलं की तुमच्याकडे काय करायचे? उष्णता द्यायचे की पुढे-मागे थोडंथोडं हलवत सोडवायचे? शनिवारपर्यंत मी हात लावत नाही.