तोंडी परीक्षेचे 20 गुण

2019 साली महाराष्ट्रात दहावीचा निकाल 77.10 टक्के लागला. आदल्या वर्षी तो 89.41 टक्के होता, आणि या घसरणीचा दोष प्रामुख्याने भाषा विषयांतले अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण काढून टाकण्याच्या निर्णयाला दिला गेला. काही महिन्यांतच ते गुण परत आले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्क्यांवर गेला. शाळेने तोंडीच्या नावाखाली गुणांची खैरात करावी का, असा प्रश्न एका बाजूने तेव्हाही विचारला जात होता आणि आजही विचारला जातो. तर अन्य मंडळांच्या मुलांना शाळेकडून गुण मिळत असताना अकरावीच्या प्रवेशात आपल्याच मुलांनी मागे का राहायचे, असे दुसरी बाजू म्हणते. दोन्ही बाजूंचे म्हणणे मला समजते. मात्र या सगळ्या वादात तोंडी परीक्षेत मूल नेमके काय बोलले, याची चौकशी कोणी केल्याचे मला आठवत नाही.

मी स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात राहते, आणि माझी मुलगी इथल्या माध्यमिक शाळेत चौथ्या वर्षाला, म्हणजे आपल्या दहावीच्या आसपास आहे. स्कॉटलंडच्या अभ्यासक्रमात इंग्रजीच्या वाचन आणि लेखनाबरोबर ‘ऐकणे आणि बोलणे’ हा तितकाच स्वतंत्र भाग मानलेला आहे. ‘नॅशनल 5’ या परीक्षेत मुलाने वर्गासमोर विषय मांडायचा असतो किंवा गटचर्चेत भाग घ्यायचा असतो, आणि शाळेतलेच शिक्षक त्याची पारख करतात. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या भागाला गुणच नाहीत. तो ‘साध्य झाला’ किंवा ‘साध्य झाला नाही’ एवढेच नोंदवले जाते. त्याने श्रेणी वाढत नाही, पण तो साध्य झाल्याशिवाय विषयही पूर्ण होत नाही. त्यामुळे एखाद्याला 19 द्यावेत की 20, हा प्रश्नच शिक्षकांसमोर उभा राहत नाही.

मुलीने ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेबद्दल बोलायचे ठरवले होते. विषय अर्थात सातारच्या आजोळातून आलेला. घरी आरशासमोर तिने भाषण चोख बसवले होते. वर्गात मात्र एका मुलाने विचारले की, ही मुले गावात नसतात त्या महिन्यांत त्यांची हजेरी कुठे लागते? याची तयारी नव्हती. ती थोडी थांबली, मला नक्की माहीत नाही असे म्हणाली, आणि आजीकडून ऐकलेल्या साखरशाळांबद्दल, म्हणजे साखर कारखान्यांजवळ या मुलांसाठी भरणाऱ्या शाळांबद्दल, जमेल तसे सांगू लागली. बाईंनी नंतर तिला सांगितले की, पाठ केलेल्या मांडणीपेक्षा त्यांना हे उत्तर अधिक मोलाचे वाटले, कारण ऐकण्याची पारख समोरच्याच्या बोलण्याला मूल कसा प्रतिसाद देते यावरूनच होते.

इथे सारे आलबेल आहे असे मात्र कोणी समजू नये. पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत वाचनाचे स्कॉटलंडचे गुण 2018 मध्ये 504 होते, ते 2022 मध्ये 493 झाले, आणि त्यावर इथली वृत्तपत्रे आपल्याइतकीच हळहळली. वरच्या वर्गांतली परीक्षापद्धती अभ्यासक्रमाच्या हेतूशी जुळत नाही, असे ओईसीडी या (पिसा घेणाऱ्या) आंतरराष्ट्रीय संघटनेने 2021 च्या अहवालात म्हटले होते. गुण नाहीत म्हणून बोलण्याचा भाग एका तासात उरकून टाकल्याच्या तक्रारी मी पालकांच्या बैठकीत स्वतः ऐकल्या आहेत.

शिवाय तुलना करताना आणखी एक गफलत होते. इथल्या बहुतेक मुलांची इंग्रजी ही घरची भाषा आहे. तिची तुलना मराठी माध्यमातल्या इंग्रजीशी न करता मराठीशीच करायला हवी. (घरची हा शब्दही जपूनच वापरावा लागतो, 2022 च्या जनगणनेत सुमारे 15 लाख लोकांनी आपल्याला स्कॉट्स ही इंग्रजीच्या जवळची इथली बोली बोलता येते असे नोंदवले, आणि ‘वर्गात नीट बोल’ हे वाक्य इथल्या आजोबांच्या पिढीनेही भरपूर ऐकलेले आहे.) मुलांना प्रश्न विचारायची, दुसऱ्याचे म्हणणे खोडून काढायची, स्वतःचे म्हणणे बदलायची सवय मराठीच्या तासालाच लागली नसेल, तर ती इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत एकाएकी कुठून येणार?

साठ-सत्तर मुलांच्या वर्गात हे कसे करायचे, असे माझी शिक्षिका असलेली बहीण विचारते. तिचा प्रश्न रास्त आहे. इथे शिक्षकांच्या सेवाशर्तींनुसार तिसऱ्या वर्षापासून वर्गात 30 हून अधिक मुले ठेवता येत नाहीत. पण चार-चार मुलांनी एकमेकांशी बोलायचे आणि शिक्षकांनी रोज दोनच गटांजवळ बसायचे, एवढे मोठ्या वर्गातही जमते. ती हे गेले वर्षभर मराठीच्या तासाला करते आहे, आणि गोंगाटाबद्दल मुख्याध्यापकांचे दोनदा ऐकूनही घेतले आहे.

मी स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकले. तोंडीला माझे नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय आणि आवडता खेळ विचारला गेला, आणि चारही उत्तरे आम्हाला आदल्या आठवड्यात फळ्यावर लिहून दिलेली होती. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. डंडीत आल्यावर पहिल्या महिन्यात घराच्या भाड्यासंबंधी फोन आला तेव्हा, पलीकडच्या बाईंना ‘जरा पुन्हा सांगता का’ एवढे म्हणायलाही मला धीर झाला नाही, आणि न समजलेल्या प्रत्येक वाक्याला मी ‘यस’ म्हणत राहिले.