बाहीवरचं लेबल

नवीन टीशर्ट घातला की दहाव्या मिनिटाला माझा हात मानेमागे जातो आणि मग तिथेच राहतो. समोरच्याला वाटतं हा माणूस कसल्यातरी चिंतेत आहे. चिंता वगैरे काही नाही हो, कॉलरच्या आत ते चौकोनी लेबल शिवलेलं असतं ना, ते टोचतंय. बरं कापड कसं तर लोण्यासारखं मऊ आणि लेबल तेवढं पत्र्याचं, हे गणित मला आजतागायत सुटलेलं नाही. मग मी कात्री आणतो. कात्रीने लेबल कापलं की मागे त्याचे बारीक खुंट उरतात आणि ते मूळ लेबलापेक्षा जास्त टोचतात. मग खुंट काढायला ब्लेड घ्यायचं आणि ब्लेडने लेबलाचा टाका सोडून नेमका कॉलरचा टाका उसवायचा. माझे निम्मे टीशर्ट मानेपाशी उंदराने चाखल्यासारखे दिसतात.

यात माझी इज्जत जाते हे मला भाच्याने सांगितलं. वय वर्षं सोळा, पण माणसाच्या अंगावर नजर टाकून त्याची लायकी ठरवायचं खातं याच्याकडेच असावं असा आव. आला की नमस्कार वगैरे काही नाही, थेट माझी कॉलर उलटी करून आत बघतो. "मामा, इथे तर भोक आहे." म्हणलं लेबल टोचत होतं, कापलं. तर म्हणे, "मग प्रूफ काय की हा ओरिजिनल आहे?" अरे टीशर्ट आहे, सातबारा आहे का!

पण त्याचंही चूक नाही म्हणा. कपड्यात आपल्या नावाचं लेबल शिवायची पद्धत रुजवणाऱ्यांत चार्ल्स फ्रेडरिक वर्थचं नाव पहिलं घेतात. माणूस इंग्रज, पण पॅरिसला जाऊन 1858 मध्ये त्याने बायकांच्या उंची कपड्यांचं स्वतःचं दुकान मांडलं. आधी बाई सांगायची आणि शिंपी शिवायचा, याच्या काळात शिंपीच सांगायला लागला आणि बाई मिरवायला लागली. पण ते लेबल निदान आतल्या बाजूला तरी होतं. बाहेर यायला रने लाकॉस्त यावा लागला. हा टेनिसपटू, पेपरवाल्यांनी त्याचं नाव मगर ठेवलं तर चिडायचं सोडून याने ब्लेझरवर मगरच भरून घेतली, आणि 1933 मध्ये कंपनी काढून ती सगळ्यांच्या छातीवर सोडली. मग काय, मगरीमागून घोडे आले, पक्षी आले, आता चार पुरुष एका ठिकाणी उभे राहिले की आख्खं प्राणिसंग्रहालय होतं.

माझ्याकडेही एक प्राणी होता. कुणीतरी भेट दिलेला टीशर्ट, छातीवर हिरवं काहीतरी. मी मगर म्हणायचो, बायको पाल म्हणायची. भाच्याने जवळ जाऊन बघितलं आणि निकाल राखून ठेवला. तिसऱ्या धुण्यात त्याचा शेपटीकडचा दोरा सुटला आणि शेपूटच गळून पडलं, तेव्हा बायको म्हणाली, "बघ, पालच होती." यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

तर या पार्श्वभूमीवर मी कोट घेतला. ऑफिसचा मोठा कार्यक्रम होता आणि यावेळी कुणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही असं ठरवलेलं. भाच्याला आधीच विचारून घेतलं. तो म्हणाला, "मामा, कोटाच्या मागच्या चिरेवर दोऱ्याची फुली असते ना, ती काढून टाक, ती फक्त नेताआणताना कोटाचा आकार बिघडू नये म्हणून असते, घालताना ठेवली तर लोक हसतात." मी फुली काढली. अगदी चष्मा लावून, एकेक टाका उचलून काढली, आणि या यशाने एवढा फुगलो की बाकी कोटाकडे बघितलंच नाही.

बाहीवर मनगटाच्या थोडं वर कंपनीचं नाव असलेलं देखणं विणलेलं लेबल होतं. मला काय वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा न टोचणारं लेबल मिळालं, वर सगळ्यांना दिसतंय, यासाठीच तर पैसे मोजले! हस्तांदोलन करताना मी डावा हात जरा जास्तच पुढे आणत होतो हे कबूल करतो.

तेवढ्यात आमचे एक सिनियर आले. कपड्यातलं कळणारा माणूस अशी त्यांची ख्याती आहे, म्हणजे त्यांनीच ती पसरवली आहे. माझी बाही दोन बोटांत धरून सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे, हे काढायचं असतं." मग समजावून सांगितलं की दुकानात कोट ओळीने टांगलेले असतात, बाही तेवढी दिसते, म्हणून कुठला कोट कुणाचा ते चटकन कळावं यासाठी तिथे लेबल टाचलेलं असतं. म्हणजे अर्धा तास मी जे मिरवत होतो ते माझ्यासाठी नव्हतंच, विकणाऱ्याच्या सोयीसाठी होतं. आयुष्यभर टोचणारी लेबलं कापली आणि जे कापायचं तेच तेवढं ठेवलं!

हात लपवावा म्हणून कोटाच्या खिशात घालायला गेलो तर खिसा शिवलेला. म्हणजे खिशाला झाकण आहे, सगळं आहे, आत जायला वाट नाही, तिथेही कच्चे टाके, आणि हे भाच्याने सांगितलंच नव्हतं. मी दोनतीनदा बोटं खुपसून बघितली, बघणाऱ्याला वाटलं असेल हा स्वतःलाच गुदगुल्या करतोय. पॅन्टच्या खिशात हात घातला तर लेबल बरोबर कमरेपाशी पाटीसारखं दिसायला लागलं. शेवटी उजव्या हाताने डावं मनगट गच्च धरून उभा राहिलो. दोघांनी येऊन तब्येत विचारली. एकीने तर खुर्ची आणून दिली, नाडी बघतोय असं वाटलं असावं तिला.

सर अजून स्टाईलवर बोलतच होते, की कपडे अंगावर असून नसल्यासारखे वाटले पाहिजेत, नाव दिसलं की संपलं, वगैरे, आणि बोलता बोलता जेवणाकडे जायला वळले. त्यांच्या कोटाच्या मागच्या चिरेवर पांढऱ्या दोऱ्याची फुली. ठसठशीत, कोरी, दुकानातून आली तशी.

मी न राहवून "सर" म्हणून हाक मारली. ते थांबले, वळले, आणि माझ्या बाहीकडे बघून म्हणाले, "काय रे, निघालं का?"

म्हणलं, "नाही सर, काही नाही. तुम्ही व्हा पुढे."