‘साठीनंतर मेडिक्लेम म्हणजे पैसे पाण्यात’: फिरत्या मेसेजला उत्तर

कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. पोरं कमावती झाली की आई-वडिलांचा आरोग्य विमा काढायला धावतात आणि एजंटची घरं भरतात, असं त्याचं म्हणणं. मुद्दे सहा आहेत. साठीनंतर कंपन्या विमा देत नाहीत, दिला तरी जुने आजार कधीच धरत नाहीत. ऑफिसचा विमा असताना दुसरा कशाला? सत्तरीनंतर सरकार ५ लाख देतंच. प्रीमियमचे पैसे एफडीत टाका. काढायचाच असेल तर फॉर्मवर बीपी-शुगर लिहू नका, ५ वर्षांनी कंपनीचे हात बांधले जातात. आणि प्रीमियम कुणीही भरो, करसवलत मुलाला मिळते. खाली ‘जनहितार्थ’ आणि जोडलेले हात.

मी एका खासगी रुग्णालयात कॅशलेसच्या, म्हणजे बिल थेट विमा कंपनीकडून घेण्याच्या, खिडकीमागे बसते. या मेसेजवर विसंबलेली माणसं शेवटी तिथेच येतात, म्हणून हे उत्तर. मेसेजचा क्रम मी पाळणार नाही. सगळ्यात घातक मुद्दा आधी घेते.

“बीपी-शुगर लिहू नका, ५ वर्षं काढा.”

अर्धवट खऱ्या माहितीवर उभा असल्यामुळे हा सल्ला पटतो. विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ मध्ये मोरॅटोरियमची मुदत ८ वर्षांवरून ५ वर्षांवर आणली, हे खरं आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती लपवली या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. पण त्याच नियमात ‘फसवणूक सिद्ध झाली तर’ हा अपवाद आहे, आणि मेसेज शिकवतोय ती नेमकी फसवणूकच. शिवाय मध्येच विम्याची रक्कम ५ लाखांवरून १० लाख केलीत, तर वाढवलेल्या रकमेसाठी ६० महिने नव्याने मोजायचे.

बरं, नैतिकता बाजूला ठेवा, नुसता हिशोब करा. त्याच वर्षी आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ कमाल ४ वर्षांवरून ३ वर्षांवर आला. म्हणजे शुगर आहे असं सांगून पॉलिसी घेतली, तर जास्तीत जास्त ३ वर्षांनी शुगरमुळे होणारी गुंतागुंत विम्यात येते. लपवून घेतली तर ५ वर्षं जीव मुठीत धरून बसायचं, त्यातही दावा करताना पकडलं गेलं तर पॉलिसीच रद्द. सांगणाऱ्याला प्रीमियम थोडा जास्त पडेल एवढंच. या सौद्यात शहाणपण कुठे आहे?

आणि लपत तर काहीच नाही. रात्री दोनला कॅज्युअल्टीत वडिलांना आणलेलं असतं, मुलगा घामाघूम. निवासी डॉक्टर विचारतो, “बीपी कधीपासून?” मुलगा म्हणतो, “असेल दहा-बारा वर्षं.” डॉक्टर केसपेपरवर लिहितो: ‘के/सी/ओ एचटीएन, १२ वर्षं’, म्हणजे बारा वर्षांपासून बीपीचा रुग्ण. आई तेव्हा बाहेर बाकावर बसलेली असते. तिला पक्कं ठाऊक असतं की गोळी धाकटीच्या लग्नानंतर सुरू झाली, म्हणजे तीन वर्षांपूर्वी. तिला कुणी विचारत नाही. आता पॉलिसी चार वर्षांपूर्वीची असेल, तर बीपी पॉलिसीनंतर सुरू झालेलं आणि दावा स्वच्छ. पण कागदावर बारा वर्षं लागली! कंपनीचं पत्र येतं: पहिलं निदान कधी झालं, पहिलं प्रिस्क्रिप्शन द्या. मग कपाटं उपसा, फॅमिली डॉक्टरांचा दाखला आणा. तोवर डिस्चार्ज अडकलेला आणि डिपॉझिट भरलेलं.

मला रोज दिसतं ते हे. मुद्दाम लपवणारे थोडे असतात, आई-वडिलांच्या तब्येतीबद्दल धड माहितीच नसलेली मुलं पुष्कळ. फॉर्म बंगळुरूत बसून मुलगा भरतो किंवा फोनवर विचारून एजंट भरतो. ‘कोणताही आजार आहे का?’ यावर वडील म्हणतात, “मला काय धाड भरलीय, एक गोळी घेतो फक्त.” आई थायरॉइडच्या गोळीला गोळी धरतच नाही. झालं, सगळीकडे ‘नाही’वर खूण.

फॉर्म भरण्याआधी घरी जाऊन औषधांचा डबा उघडा. प्रत्येक पट्टीचा फोटो काढा, गोळी कशासाठी आणि कधीपासून ते आईला आणि वडिलांना वेगवेगळं विचारा (एकमेकांसमोर खरं सांगत नाहीत), जुनी शस्त्रक्रिया लिहून घ्या. पॉलिसी हातात आली की सोबतची फॉर्मची प्रत वाचा. काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तर लगेच लेखी कळवा. पॉलिसी पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते.

सांगितल्याचा फायदा न्यायालयातही होतो. मनमोहन नंदा यांनी परदेश प्रवासाचा मेडिक्लेम घेताना मधुमेह असल्याचं सांगितलं होतं. अमेरिकेत पोचताच हृदयविकाराचा झटका आला आणि कंपनीने हात वर केले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. प्रकृतीची माहिती घेऊन पॉलिसी दिल्यावर, फॉर्ममध्ये सांगितलेल्या आजाराकडेच बोट दाखवून कंपनीला दावा नाकारता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

“सत्तरीनंतर सरकार ५ लाख देतं, मग विमा कशाला?”

योजना खरी आहे आणि चांगली आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये ७० आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, वय वंदना कार्ड मिळतं. खासगी मेडिक्लेम असला तरी मिळतं. त्यामुळे तुमचे आई-वडील सत्तरीचे असतील तर आधी ते कार्ड काढा, मग पुढचं वाचा. फक्त केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनांत असलेल्यांना दोन्हींतून एकच निवडावं लागतं.

आता मेसेज जे सांगत नाही ते. ५ लाख माणशी नाहीत. घरात आई-वडील दोघंही सत्तरीपार असतील तर दोघांत मिळून वर्षाला ५ लाख. वडील ७२ चे आणि आई ६६ ची असेल तर या कार्डात आई नाही. वय आधारवरचं धरतात. मास्तरांनी १ जून ही जन्मतारीख लावून दिलेली एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे, त्यामुळे खऱ्या वयाने सत्तरी ओलांडलेले आजोबा कागदावर ६८ चे निघतात. कार्ड चालतं ते योजनेत सामील रुग्णालयांत, ठरलेल्या उपचारांना, ठरलेल्या पॅकेजच्या दरात. ओपीडी आणि रोजच्या गोळ्या त्यात नाहीत. तुमच्या वडिलांचे नेहमीचे हृदयरोगतज्ज्ञ ज्या रुग्णालयात बसतात ते यादीत असेलच असं नाही.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली. आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांसह सगळ्यांना आणि कुटुंबाला ५ लाखांपर्यंत आहे. तरी आमच्याकडे येणाऱ्या सुशिक्षित घरांना हे ठाऊक नसतं, “ती गरिबांची योजना ना?” असं विचारतात. सामील रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं. आधी त्याला गाठा, भरती झाल्यावर दोन दिवसांनी नव्हे.

माझं मत विचाराल तर ज्यांना साठी-पासष्टीत मेडिक्लेमचा प्रीमियम झेपत नाही, त्यांनी या दोन योजनांवर बेधडक भिस्त ठेवावी. सामील रुग्णालयं कोणती, हे मात्र आजारी पडायच्या आधी बघून ठेवावं. झेपत असेल त्यांनी सरकारी कार्ड आणि पॉलिसी दोन्ही ठेवावं.

“साठीनंतर कंपन्या देत नाहीत.”

प्रवेशवयासाठीची ६५ वर्षांची जुनी अट नियामकाने २०२४ मध्ये काढली, कंपन्यांनी सगळ्या वयोगटांसाठी योजना ठेवाव्यात असं सांगितलं. याचा अर्थ तुमच्या वडिलांना मिळेलच असा नाही. बायपास झालेल्या ७४ वर्षांच्या माणसाला कंपनी तपासणी करून नाही म्हणू शकते. पण एकदा घेतलेली पॉलिसी वय वाढलं किंवा दावा केला म्हणून नूतनीकरण नाकारून बंद करता येत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघे ‘कधीच मिळत नाहीत’ असंही मेसेजमध्ये आहे, तेही खोटं. बहुतेक पॉलिसींत त्यांना २ वर्षं थांबावं लागतं, म्हणून उद्याची शस्त्रक्रिया ठरवून आज पॉलिसी घ्यायला येऊ नका. आणि जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं.

मेसेजमध्ये ‘वर १८ टक्के जीएसटी’ असंही आहे. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. मेसेज त्याआधीचा दिसतो.

“ऑफिसचा विमा पुरेसा आहे.”

नोकरी असेपर्यंत. ग्रुप विम्याचा मोठा गुण असा की जुने आजार सहसा पहिल्या दिवसापासून धरले जातात, तो सोडू नका. पण नोकरी गेली की पॉलिसी गेली, आणि तेव्हा वडील ७१ चे असतात. बऱ्याच ठिकाणी आई-वडिलांसाठी वेगळी मर्यादा आणि २० टक्के को-पे असतो, म्हणजे एक लाखाच्या मान्य बिलात २० हजार तुमचे. नोकरी सोडणार असाल तर बाहेर पडण्याआधीच एचआरला विचारा. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि तोवर काढलेला प्रतीक्षा काळ तिथे मोजला जातो.

आणखी एक. अनेक कंपन्या ‘आई-वडील किंवा सासू-सासरे, एकच जोडी’ असं सांगतात. सुनेच्या ऑफिसच्या फॉर्मवर बहुतेकदा सासू-सासऱ्यांची नावं जातात, कारण विषय घरात बोललाच जात नाही. तिच्या आई-वडिलांकडे काय आहे, हे कुणी विचारत नाही. भाऊ नसलेल्या बायका खिडकीशी येतात तेव्हा हे कळतं. मुलगी लग्न झालेली असली तरी आई-वडिलांच्या पोटगीची जबाबदारी तिच्यावरही येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगितलंय, विजया अरबट यांच्या खटल्यात. जबाबदारी टाकताना कायदा लग्न बघत नाही, मग फॉर्म भरताना आपण का बघावं?

“प्रीमियम एफडीत टाका.”

या मुद्द्याशी मी निम्मी सहमत आहे. आधी हिशोब. समजा वर्षाला ४०,००० रुपये ७ टक्क्यांनी ठेवले. पाच वर्षांनी व्याजासकट अडीच लाखांच्या आत, दहा वर्षांनी सहा लाखांच्या आत, कर वेगळा. आजारपण मात्र एफडी पिकायची वाट बघत नाही. दुसऱ्या वर्षी बायपास निघाली तर खात्यात ९० हजारसुद्धा नसतात.

निम्मी सहमत अशासाठी की ज्यांना कंपनी नाकारते, किंवा पंच्याहत्तरीत ३० टक्के को-पे आणि खोलीची मर्यादा लावून जबर प्रीमियम सांगते, त्यांनी सरकारी कार्ड काढून बाकी पैसा बाजूला ठेवणं खरोखर बरं. पुरेशी बचत असणाऱ्यांना सुपर टॉप-अप हाही मार्ग आहे: वर्षभराच्या बिलांचे पहिले ५ लाख तुम्ही सोसायचे, त्यावरचे कंपनी. त्याचा प्रीमियम बराच कमी असतो. ते ५ लाख एफडीत असू द्या, तिथे एफडी शोभते.

खोलीची मर्यादा म्हणजे काय, तेही इथेच सांगते, कारण विम्यावरचा विश्वास सर्वांत जास्त त्याच ठिकाणी उडतो. पॉलिसी ५ लाखांची, खोलीभाडं रोज १ टक्का, म्हणजे ५,०००. मुलगा म्हणतो बाबांना चांगली खोली द्या, ८,००० वाली. त्याला वाटतं रोजचे ३,००० वरचे भरू. पण कंपनी डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापते. ही रक्कम १,६०,००० असेल तर मंजूर होतात १,००,०००. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लागत नाही, तरी ६०,००० आणि खोलीतला फरक खिशातून. चांगली खोली द्यायची हौस असेल तर ती पॉलिसी घेताना दाखवा, भाड्याची मर्यादा नसलेली घ्या.

“करसवलत मुलाला मिळतेच.”

आरोग्य विम्याच्या प्रीमियमवरची आयकर वजावट (८०डी म्हणून ओळखतात ती) पैसे भरणाऱ्याला मिळते, तीही रोखीने भरले नसतील तर. वडिलांनी पेन्शनच्या खात्यातून भरला आणि मुलाने नंतर त्यांना पैसे दिले, तर मुलाला काही नाही. आई-वडील साठीच्या वरचे असतील तर मर्यादा ५०,०००, ते मुलावर अवलंबून असण्याची गरज नाही. पॉलिसी नसलेल्या ज्येष्ठांच्या औषधोपचाराचा खर्चही याच मर्यादेत दाखवता येतो. नवी करप्रणाली घेतली असेल तर यातलं काहीच लागू नाही, आणि २०२३-२४ पासून काही न निवडता राहिलात तर तीच लागते. जावयाने सासू-सासऱ्यांचा प्रीमियम भरला तर त्याला वजावट नाही. मुलीने स्वतःच्या खात्यातून भरला तर तिला आहे.