‘काही झालं तर दूतावास बघून घेतो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या बऱ्याच ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: ‘भारताचा पासपोर्ट खिशात असला की जगात कुठंही बिनधास्त जावा. काही झालं तर दूतावास फुकटात घरी आणतो, वकील देतो, दवाखान्याचं बिल भरतो. आखातात व्हिजिट व्हिसावर जावा, तिथं वर्क व्हिसा करून मिळतो. पासपोर्ट मालकाकडं दिला तर उलट सेफ राहतो. विमा म्हणजे एजंटांची कमाई. मसाला, औषधं काय पाहिजे ते न्या, कोण विचारत नाही.’ खाली तिरंगा आणि ‘नाद नाय करायचा’.

पहिला दावा दूतावासाचा. त्याला आधार म्हणून २०२२ च्या ऑपरेशन गंगाचा दाखला देतात. युक्रेनमधून मुलांना सरकारनं स्वखर्चानं आणलं, हे खरंच आहे. पण विमानं रोमानिया, पोलंड, हंगेरीतून सुटत होती. तिथल्या सीमेपर्यंत बहुतेक पोरं स्वतःच बस, रेल्वे, नाहीतर पायी पोचली. आणि युद्ध २४ फेब्रुवारीला सुरू झालं, तर कीवमधल्या आपल्या दूतावासानं १५ तारखेलाच ‘राहणं गरजेचं नसेल तर तात्पुरतं निघा’ असं कळवलं होतं. शिवाय प्रत्येक मोहीम फुकट नसते. २०२० मध्ये कोरोनात परदेशी अडकलेल्यांसाठी सोडलेल्या वंदे भारत विमानांनी आलेल्यांनी तिकिटाचे पैसे भरलेत.

एकट्यादुकट्यावर वेळ आली तर वेगळा हिशोब. दूतावासांकडं २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्यातून तिकीट, तात्पुरता निवारा, कायद्याची प्राथमिक मदत, मृतदेह पाठवण्याचा खर्च होतो. पण अडलेल्या, ऐपत नसलेल्या माणसाची परिस्थिती बघून. हक्कानं मागायचं ते बिल नव्हे. अटक झाली तर दूतावासाला कळवा म्हणायचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारानं दिलाय. दूतावासाचा माणूस भेटायला येईल, वकिलांची यादी देईल. तुरुंगातून सोडवून आणणं त्याच्या हातात नाही.

खरा घात आहे व्हिजिट व्हिसाच्या ओळीत. शिरोली एमआयडीसीतला किंवा इचलकरंजीतला दहावी न झालेला वेल्डर, फिटर घ्या. त्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असतं. म्हणजे सौदी, कुवेत, ओमान, यूएई असे जे १८ देश ठरवलेत, तिथं कामाला जायचं तर आधी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर मंजुरी घ्यावी लागते. त्यासाठी करार लागतो: पगार किती, काम काय, राहायची सोय कुणाची. फिरायला जाणाऱ्याला ही मंजुरी लागत नाही. एजंट व्हिजिट व्हिसा काढतो तो नेमका इथं. तुमचा वेळ वाचावा म्हणून नव्हे, करार कुठंच नोंदला जाऊ नये म्हणून.

तिथं गेल्यावर काहींचा व्हिसा बदलून होतो, हे नाकारत नाही. पण होईपर्यंत केलेलं काम बेकायदा, पगार थकला तर दाखवायला कागद नाही, आणि मुदत संपली की यूएईत दिवसाला ५० दिरहम दंड. मालकाला हे सगळं पाठ असतं. त्यामुळं आवाज कुणाचा चढतो, हे वेगळं सांगायला नको.

याच वाटेनं ‘थायलंडला डेटा एंट्री’ म्हणून गेलेली पोरं म्यानमारमध्ये सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर सापडली. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५४९ जणांना थायलंडच्या माए सोतहून परत आणलं. तेव्हा स्टँडजवळच्या चकाचक ऑफिसात बसल्यावर एजंटचा परवाना क्रमांक विचारा आणि तिथंच मोबाइलवर ई-मायग्रेटच्या यादीत टाकून बघा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. लाखाची भाषा सुरू झाली की उठा.

पासपोर्ट मालकाकडं? आपल्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो. तुमच्या शेठचा तर नाहीच नाही. यूएई, कतारमध्येही कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवणं बेकायदा आहे. व्हिसाच्या कामापुरता दिला तर काम झाल्यावर परत मागा. पहिल्या पानाची आणि व्हिसाची एक प्रत घरी ठेवा, फोटो स्वतःला मेल करा. हरवलाच तर पोलिसात नोंद करून दूतावासाकडून आपत्कालीन प्रमाणपत्र मिळतं. ते फक्त भारतात परतण्यापुरतं चालतं.

विम्याचं लवकर उरकतो. ईसीआरवाल्यांसाठी प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे: १० लाखांचं संरक्षण, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. यात एजंट काय कमावणार? युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. आणि लेकीकडं अमेरिकेला निघालेल्या आईबाबांना बीपी-शुगर असेल, तर ‘आधीपासूनचे आजार’ हे कलम वाचल्याशिवाय पॉलिसीवर सही नको.

राहिला मसाला. आपल्या पांढऱ्या रश्श्यात खसखस पडते, आणि घरून बांधून दिलेल्या वाटणाच्या पुडीतही ती असते. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. यूएईत ती आणायला बंदी आहे आणि प्रकरण अमली पदार्थांच्या कायद्यात जातं. पुडीवर ‘आईच्या हातचं’ लिहिलंय, हे तिथल्या कस्टमला वाचता येत नाही. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, दुखण्याच्या काही गोळ्यांत ट्रामाडॉल. तीही तिथं नियंत्रित यादीत आहेत आणि न्यायची तर तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. बाकीच्या गोळ्या मूळ पाकिटात ठेवा आणि डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव इंग्रजीत टाइप केलेली चिठ्ठी घ्या. हातानं लिहिलेली आपल्याच मेडिकलवाल्याला लागायची मारामार.