‘मेलेलं कोरल विकलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. आमच्या दुकानातून घेतलेलं टोडस्टूल लेदर कोरल (खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवायचं, छत्रीसारख्या टोपीचं मऊ प्रवाळ) घरी नेल्यावर तिसऱ्या दिवशी मिटलं, आज नववा दिवस, वरून मेण फासल्यासारखं दिसतंय, आणि फोन केला तर ‘होईल ठीक’ एवढंच ऐकायला मिळालं. फोनबद्दलची तक्रार पूर्ण बरोबर आहे, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पण कोरल मेलेलं नाही. कृपया ते फेकू नका.

तुमच्या फोटोत टोपीच्या कडेला राखाडी पापुद्रा सुटलाय आणि त्याखाली कोरी, फिकट पिवळी कातडी दिसते. लेदर कोरल अधूनमधून अशी कात टाकतं. वर बसलेलं शेवाळ आणि घाण त्या पापुद्र्याबरोबर निघून जाते. जागा बदलली की हमखास होतं. आठवडाभर चालतं, कधी दोन आठवडेही लागतात. विक्रीच्या वेळीच हे सांगायला हवं होतं. सडणं वेगळं दिसतं: देठ लिबलिबीत होतो, बुडाशी काळपट डाग पडून रोज पसरतो, जवळचं पाणी काढून हुंगलं तर कुजक्या अंड्याचा वास येतो. तुमच्या फोटोत देठ ताठ आहे.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही लिहिलंय की हायड्रोमीटर (पाण्याच्या घनतेवरून खारटपणा मोजायचं काट्याचं उपकरण) 1.025 दाखवतो, पाणी उत्तम आहे. शनिवारी तुम्ही आणून दिलेलं पाणी आम्ही 35 पीपीटीच्या (पीपीटी म्हणजे हजार भाग पाण्यात किती भाग क्षार) द्रावणावर कॅलिब्रेट केलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता मोजणाऱ्या उपकरणावर, तपासलं: 30 पीपीटी, म्हणजे हायड्रोमीटरच्या भाषेत 1.022 ते 1.023. हायड्रोमीटरच्या काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले की काटा वर उचलला जातो आणि आकडा खोटा जास्त दिसतो. आमच्या टाकीत 35 पीपीटी असते. लेदरला दगडी सांगाडा नाही, ते पाण्याने फुगून उभं राहतं, त्यामुळे क्षारतेतला फरक त्याला लगेच जाणवतो. पिशवीवर आमची क्षारता लिहिली असती तर तुम्ही कोरल वीस मिनिटांत टाकीत सोडलं नसतं. ही चूक आमची. कालपासून प्रत्येक पिशवीवर पीपीटी आणि तापमान लिहून देतोय.

क्षारता एकदम वाढवू नका. तुमच्या 200 लिटरच्या टाकीतून पंख्यामुळे रोज सुमारे 4 लिटर पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, त्याजागी आरओचं (फिल्टर केलेलं, बिनमिठाचं) पाणी न घालता तेवढंच 35 पीपीटीचं मिठाचं पाणी घाला. रोज साधारण 0.7 पीपीटी वाढेल, सहा दिवसांत 34 च्या आसपास पोचाल. मग पुन्हा आरओ. मात्र तुमच्या घरच्या आरओचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण) 45 आहे, कारण त्यातल्या टीडीएस कंट्रोलरमधून थोडं नळाचं पाणी मिसळतं. तो बंद करून पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे) लावा. टीडीएस शून्य यायला हवा.

क्लाऊन माशांची जोडी कोरलमध्ये ‘आनंदाने लोळते’ असं तुम्ही लिहिलंय. दिसायला फार गोड असतं, पण नव्या कोरलला ते सततचं घासणं असतं आणि त्याने पॉलिप्स (टोपीवरचे बारीक फुलांसारखे जीव) आत राहतात. भाजीची जाळीदार प्लास्टिक टोपली धुऊन दोन आठवडे कोरलवर उपडी ठेवा.

कोरल वरच्या खडकावरून एकदाच टाकीच्या मध्यावर आणा, मग हात लावू नका. सतत जागा बदलणं हेच अनेक लेदर न उघडण्याचं कारण असतं. वेव्हमेकरचा (टाकीत लाटा तयार करणाऱ्या पंपाचा) झोत थेट नको. समोरच्या काचेवर आपटून परत येणारा, हेलकावे देणारा प्रवाह हवा, म्हणजे पापुद्रा आपोआप सुटतो. अडकलाच तर 50 मिलीच्या सिरिंजने लांबून पाणी मारा, बोटाने चोळू नका. दोनदा केलेलं आयोडीन डिप (आयोडीनच्या पाण्यात कोरल बुडवणं) पुरे, आता बंद. तापमान 29.5 वरून 26 वर आणा, पण दिवसाला एक अंशापेक्षा जास्त नको. कात टाकताना लेदर पाण्यात विषारी द्रव्यं सोडतं, म्हणून ती शोषून घ्यायला 100 ग्रॅम सक्रिय कार्बन धुऊन फिल्टरमध्ये घाला आणि तीन आठवड्यांनी बदला.

देठावर काळा डाग दिसला तर वाट न पाहता त्याच दिवशी फोटो पाठवा. हातमोजे घालून धारदार ब्लेडने निरोगी भागात एक सेंटिमीटर आत कापावं लागेल. ते आम्ही घरी येऊन करून देऊ, पैसे घेणार नाही. आणखी दोन आठवड्यांत कोरल उघडलं नाही तर पूर्ण रक्कम परत किंवा दुसरा तुकडा, तुम्ही म्हणाल ते. रविवारी दिवे लागल्यावर तीन तासांनी एक फोटो वरून आणि एक देठाचा काढून पाठवा.